रेफरीला धोंड्याचं जेवण

इटली मी पाहिलेली नाही आणि या जन्मी पाहीन असं वाटतही नाही. तरी तिथल्या फुटबॉलवरून मी जितका भांडलो असेन तितका भाऊबंदकीतल्या बांधावरूनही भांडलो नाही. कारण साधं आहे. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, आणि इटलीतल्या एका बलाढ्य क्लबाचीही तशीच. कोल्हापुरात परदेशी क्लब निवडायला एवढं कारण पुरतं. आमच्या पेठेत त्या क्लबाचं नाव कुणी घेत नाही, सगळे ‘पट्टेवाले’ म्हणतात. पलीकडच्या पेठेची जर्सी निळी-काळी, म्हणून त्यांनी तिथलाच एक निळा-काळा क्लब धरला. इथलं वैर तिथे पोचवायची सोय झाली.

माझं फ्लेक्स छापायचं दुकान या दोन पेठांच्या मधल्या रस्त्यावर आहे. वाढदिवस, बारसं, निवडणूक, दुःखद निधन आणि फुटबॉल यांवर आमचं पोट. शेजारी चाचांचं चपलांचं दुकान. चाचा पलीकडच्या पेठेचे, तरुणपणी तिथले गोलकीपर. अजूनही गिऱ्हाइकाने चप्पल भिरकावली तर न बघता झेलतात. समोर चहाची गाडी आहे, तिथे कोर्टात जाण्याआधी वकील येतो. तो आमच्या पेठेचा, माझ्या वर्गातला. त्याला शाळेतही सगळे वकीलच म्हणायचे, पुढे त्याने ते खरं करून दाखवलं. इटलीतल्या मॅचा रात्री जागून बघायची आमची वयं राहिली नाहीत. सकाळी मोबाइलवर गोल बघायचे आणि चहा संपेपर्यंत भांडायचं, असा आमचा रिवाज.

भांडणाचं मूळ जुनं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पट्टेवाल्यांचे कारभारी रेफरी नेमणाऱ्या माणसांशी फोनवर बोलतात, कुठल्या मॅचला कोण रेफरी द्यायचा यात तोंड घालतात, हे तिथे उघडकीला आलं. जिंकलेल्या लीग काढून घेतल्या, क्लब खालच्या श्रेणीत ढकलला, आणि काढून घेतलेल्यातली एक लीग निळ्या-काळ्यांना देऊन टाकली. मधे पुन्हा खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या हिशेबावरून पट्टेवाल्यांचे गुण कापले, अपिलात परत दिले, मग पुन्हा थोडे कमी करून कापले. कुणा खेळाडूने सट्टा लावला म्हणून त्याला घरी बसवलं. तिथे काही ना काही निघत असतंच, त्यामुळे आमच्या चहाच्या गाडीवर विषयाचा दुष्काळ कधी पडला नाही.

“एक तरी मॅच फिक्स झाली म्हणून सिद्ध झालं का?” वकिलाचा हा ठरलेला मुद्दा. “नुसतं फोनवर बोलला म्हणून गुन्हा? मग मी बी रोज जज्जसाहेबांना नमस्कार घालतो.”

“तुझा नमस्कार कोर्टात सगळ्यांदेखत असतोय,” चाचा म्हणायचे. “त्यांचा फोन चोरून हुता. आन् आमाला लीग दिलीया बाबा. कागद हाय.”

“कागदावरचाच कप तुमचा. मैदानात कवा जिंकलासा?”

“चोराच्या घरात सापडलेला माल मालकाला दिला, त्यात मैदान कुटनं आलं?”

मी पट्टेवाल्यांचा. पण पट्टेवाल्यांना माझ्याइतक्या शिव्या चाचांनीही दिल्या नसतील. माझा स्वभावच तसा आहे, मला दुसऱ्याच्या चोरीपेक्षा आपल्याकडच्याची जास्त चीड येते. वकील आपल्या माणसांवर पांघरूण घालायला लागला की माझं डोकं फिरायचं. एकदा तो म्हणाला, “रेफरीला कुणी पैसं दिलं न्हाईत, हे तरी मान्य कर.”

“न्हाईत दिलं,” मी म्हणालो. “द्यायला लागतच न्हाईत. ह्यांच्या विरुद्ध शिट्टी वाजवली तर लोक काय म्हणतील, पुढची मॅच मिळंल का न्हाय, एवढं रेफरीच्या डोक्यात शिरलं की झालं. रेफरी भ्याला की मॅच गेली. मग फोन केलाय का पैसं दिल्यात, हे बघायचं कारण न्हाय.”

हे मी फार ठासून बोललो होतो. चहावाल्यानेसुद्धा मान डोलावली होती. मला रेफरीतलं कळतं असा माझा समज होता, कारण आमच्या घरात रेफरी आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान म्हणजे आमचे दाजी. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतात. राहायला शहराच्या कडेला, जिथल्या संघाला वरच्या गटात कुणी विचारत नाही. तरुणपणी त्याच संघातून खेळले, मग रेफरीची परीक्षा दिली आणि तेव्हापासून दर हंगामात काळी चड्डी, काळा शर्ट. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल की कोल्हापुरात रेफरीचं घर कुठल्या पेठेत हे तर बघतातच, शिवाय त्याची सासुरवाडी कुठली हेही बघतात. शिट्टी जरा एका बाजूला झुकली की स्टँडमधून कुणीतरी त्याच्या बायकोचं माहेर ओरडून सांगतो. दाजींची सासुरवाडी आमची पेठ. म्हणून आमच्या संघाच्या मॅचला शिट्टी त्यांच्या हाती कधी देत नसत, आणि आमचा संघ दरवर्षी शेवटपर्यंत जाणारा, त्यामुळे मोठ्या फायनलला दाजी कधीच उभे राहिले नव्हते. लाइनवर झेंडा धरून उभे राहिले, चौथे पंच म्हणून टेबलाशी बसले. शिट्टी घेऊन मधे, ते राहून गेलं होतं. गुडघे बोलायला लागले होते आणि हा आपला शेवटचा हंगाम असं ते घरी सांगत होते.

त्यांचे नियम कडक. हंगाम चालू असताना ते माझ्या दुकानावरून जातील, पण गाडीवरून पाय खाली टेकवणार नाहीत. मान हलवायची आणि पुढे. अक्का म्हणायची, “ह्यास्नी सासुरवाडीचा चहासुदिक हंगाम संपल्यावर चालतोय.” मला त्यांचा हा ताठा आवडायचा. वकिलाला मी दाजींचं उदाहरण द्यायचो.

यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि सगळं तिथून सुरू झालं.

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, वाण द्यायचं. दर तीन वर्षांनी येणारी गोष्ट. मागच्या अधिक महिन्यात वडील जाऊन चारच महिने झाले होते, तेव्हा काही केलं नव्हतं. आईने मनाशी ठरवलं होतं की या वेळी सगळं यथासांग करायचं. तिचं वय झालंय, पुढचा अधिक आपल्याला दिसेल याची तिला खात्री नाही आणि ती तसं बोलूनही दाखवते. दाजींनी निरोप धाडला की फायनल होऊ दे, मग येतो. आई म्हणाली, “त्याचा हंगाम लांबंल, माझा म्हैना लांबत न्हाय.” खरंच यंदा स्पर्धा रेंगाळली होती आणि अधिक संपत आला होता.

आमचा संघ फायनलला पोचला होता, समोर चाचांची पेठ. पण फायनलला एक ज्येष्ठ रेफरी उभे राहणार हे सगळ्यांना माहीत होतं, दाजींचा काही संबंध नव्हता. तेव्हा ते हो म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी अक्का आणि दाजी आले. आईने पुरणाचे धोंडे केले होते, तेहतीस अनारसे तळले होते. दाजींना पाटावर बसवलं, ओवाळलं, शर्ट-पँटचं कापड दिलं, टॉवेल-टोपी दिली, आणि तांब्याच्या ताटात अनारसे घालून वर चांदीचा लहान दिवा ठेवून ते वाण त्यांच्या हातात दिलं. दाजी लाजले होते. टोपी त्यांना मोठी झाली आणि कानावर आली, त्यावर आई पदर तोंडाला लावून हसली. वडील गेल्यानंतर ती तशी हसलेली मी पहिल्यांदा बघत होतो. अक्काने फोटो काढला आणि खाली ‘माहेरचा मान’ असं लिहून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. पाटामागच्या भिंतीवर आमच्या संघाचा मोठा फ्लेक्स आहे, मीच छापून लावलेला. तोही फोटोत आला.

शुक्रवारी दुपारी बातमी आली की ज्येष्ठ रेफरींची पोटरी सराव करताना धरली, त्यांना पाऊल टेकवत नाही. दुसरे जे होते ते चाचांच्याच पेठेतले. स्पर्धेच्या कमिटीने दोन्ही संघांच्या मॅनेजरांना बोलावलं. आणि चाचांच्या पेठेचा मॅनेजर आपणहून म्हणाला, “दाजी चालत्यात. सासुरवाडी असली म्हणून काय झालं, मानूस सरळ हाय.”

दाजींना फोन गेला तेव्हा त्यांनी सांगितलं की मी कालच सासुरवाडीत धोंड्याचं जेवून आलोय. कमिटीचा माणूस हसला. म्हणाला, “जावई अधिकात सासुरवाडीत जेवायचा न्हाय तर कुटं जेवायचा?” हे मला अक्काने नंतर सांगितलं. दाजींनी त्या संध्याकाळी बुटांना पॉलिश केलं आणि शिट्टी गरम पाण्याने धुतली, हेही तिनेच सांगितलं. विरुद्ध पेठेने नाव सुचवलं याचा त्यांना जो आनंद झाला होता, तो तिने लग्नानंतर फारसा पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी चाचा दुकानात आले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. अक्काचा फोटो होता. ‘माहेरचा मान’ कापलेला. त्याजागी लिहिलं होतं, ‘फायनलच्या आधी रेफरीला चांदी’. पाटावर दाजी, हातात ताट, ताटात दिवा, मागे काळे-पांढरे पट्टे. मी स्वतः फ्लेक्स करणारा माणूस, मलासुद्धा यापेक्षा पटेल असा पुरावा तयार करता आला नसता. चाचांच्या पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर तो फिरत होता.

“ही आमच्या पोरांची कामं,” चाचा म्हणाले. “मला पटलं न्हाय म्हणून तुला दाखवाया आलो.”

वकील चहाचा कप घेऊन आत आला, फोटो बघितला आणि लगेच सुरू झाला. “ह्यात काय चुकलं? नेमणूक शुक्रवारची, जेवण गुरुवारचं. तारीख बघा की. धार्मिक विधी हाय. हेतू कुटं सिद्ध होतोय?”

“वकीलसाहेब, हेच तुमी पट्टेवाल्यांबद्दल म्हणता,” चाचा शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आन् तू काय म्हणतोस ते बी मला म्हाईत हाय. फोन केलाय का पैसं दिल्यात, बघायचं कारण न्हाय.”

मला भयंकर राग आला. राग चाचांचा नव्हता. आईच्या अनारशांना कुणी लाच म्हणावं याचा होता, आणि त्याहून जास्त याचा, की परक्या देशातल्या परक्या जावयाचा असाच फोटो मी पाहिला असता तर मीही हेच म्हटलं असतं. मी चाचांना एवढंच म्हणालो की तुम्ही जावा आता, गिऱ्हाईक आलंय. गिऱ्हाईक नव्हतं.

संध्याकाळी कमिटी बसली. चाचांच्या पेठेच्या मॅनेजरचं म्हणणं होतं, पोरं ओरडतात, ओरडू देत, मी शब्द दिलाय. तेव्हा दाजी कायम राहिले. हे कळल्यावर ते घराबाहेर पडले आणि आडरस्त्याने आमच्याकडे आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. हेल्मेट डोक्यावर तसंच. पिशवीतून दिवा काढून दाराशी ठेवला.

आई म्हणाली, “वाण परत देत न्हाईत, बाबा.”

“ठेवून घ्या, आत्या. मॅच झाली की न्यायला येतो.” दाजी सासूला आत्याच म्हणतात.

“अपशकुन असतोय रं.”

दाजी दारातच घुटमळले. त्यांना आईला दुखवायचं नव्हतं हे दिसत होतं. मला म्हणाले, “तू तरी सांग त्यास्नी.” मी दिवा उचलून आत नेला. ते गेल्यावर आई माजघरात बसून रडली. मला त्या घटकेला दोन्ही पेठा, दोन्ही क्लब आणि अख्खा फुटबॉल पंचगंगेत नेऊन बुडवावासा वाटला.

रविवारी स्टेडियम गच्च भरलं होतं. एका बाजूला आम्ही, समोरच्या बाजूला ते, मधे पोलीस. दाजी दोन्ही कप्तानांना घेऊन मधे आले, नाणं उडवलं, आणि पहिली शिट्टी वाजली. पहिला फाउल आमच्या बाजूने मिळाला. लगेच समोरच्या स्टँडमधून एक पोरगा ओरडला, “अनारसे!” आणि सगळा स्टँड हसला.

त्यानंतर दर वेळी तेच. आम्हाला थ्रो मिळाला की “अनारसे!” आम्हाला कॉर्नर मिळाला की “अनारसे!” मधूनच ढोलाच्या तालावर अख्खा स्टँड तेच म्हणत होता. पहिल्या दहा मिनिटांत आमच्याकडचेही काही जण हसले, खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मग हसू गेलं. दाजी मात्र सरळ होते. फाउलला फाउल देत होते, त्यांच्या एका बॅकला पिवळं कार्ड दाखवलं, आमच्याही दोघांना दाखवलं. गुडघा दुखत असणार, पण चेंडूच्या मागे वेळेवर पोचत होते. वकील माझ्या शेजारी बसून दर निर्णयाला “बरोबर” म्हणत होता, जसा काही तोच अपील कोर्ट.

गोल कुणाचा होईना. संपायला पाच-सात मिनिटं असतील. आमचा डावा विंगर चेंडू घेऊन आत शिरला, त्यांच्या बॅकला चुकवलं आणि बॉक्समध्ये आला. बॅकने मागून पाय घातला. चेंडू राहिला बाजूला, पोरगा तोंडावर आपटला. पेनल्टी. आमचा स्टँड एकदम उभा राहिला. त्यांच्याही कीपरने डोक्याला हात लावला. दाजी दहा पावलांवर होते, मधे कुणी नव्हतं. मी बघितलं, त्यांचा हात वर आला, शिट्टी ओठाला लागली. समोरचा स्टँड त्या क्षणी गप्प होता. एवढ्या हजारो माणसांमधे पहिल्यांदा शांतता. आणि दाजींनी शिट्टी खाली घेतली आणि दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवायची खूण केली.

मॅच टायब्रेकरला गेली आणि आम्ही हरलो.

आमच्या पेठेने दाजींना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. त्यांना पोलीस बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं. समोरच्या स्टँडमधली तीच पोरं, जी दोन तास ओरडत होती, उठून उभी राहिली आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली.

सोमवारी सकाळी चाचा पेढे घेऊन आले. एक मला दिला. “तुझा दाजी मर्द मानूस हाय,” ते म्हणाले. “सासुरवाडी बघितली न्हाय. आमच्या पोरांची तोंडं बंद झाली.”

वकील भडकला होता. “चाचा, ती पेनल्टी हुती. आंधळ्याला दिसली असती.”

“रेफरीला दिसली न्हाय. रेफरीला दिसली न्हाय म्हंजी न्हवती. तूच सांगतोस की न्हाय, सिद्ध करा म्हणून?”

मी त्या दिवशी भांडणात पडलो नाही. मला राहून राहून ती शिट्टी ओठाला लागलेली दिसत होती. ज्याला दिसलंच नाही त्याचा हात वर येत नाही.

दुपारी चाचांच्या पेठेची पोरं दुकानात आली. दोन फ्लेक्स हवे होते. एक विजयाचा. दुसरा दाजींचा. वर लिहायचं, ‘निःपक्ष पंच’, खाली ‘जाहीर सत्कार, बुधवारी संध्याकाळी, तालमीच्या चौकात’. त्यांनी दाजींना विचारलं नव्हतं, मॅनेजर बोलावणार होता. फोटो माझ्याकडे असेल असं त्यांनी गृहीत धरलं. माझ्याकडे होता, पण तो टोपी घातलेला. म्हणून त्या संध्याकाळी मी दाजींच्या घरी गेलो.

दाजी अंगणात बसून कुलर दुरुस्त करत होते. अक्का पाण्याचा तांब्या ठेवून दारात उभी राहिली. मी सत्काराचं सांगितलं आणि फोटो मागितला. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

“पेनल्टी हुती,” ते म्हणाले.

मी पायरीवर टेकलो.

“शिट्टी तोंडाला लावलीती. वाजवायची म्हणूनच लावलीती. तेवढ्यात मनात आलं, आता वाजवली तर सगळं स्टेडियम आत्याच्या अनारशांचं नाव घेणार. नुसतं मनात आलं रं. पापणी लवंस्तोवर. आन् हात खाली आला.” मग पक्कड उचलत म्हणाले, “चुकून बऱ्याच शिट्ट्या राहिल्या असतील. कळून राहिलेली ही एकच.”

अक्का म्हणाली, “झालं न्हवं आता? कुणाला ठावं हाय? सत्कार करत्यात तर घ्या की. आयुष्यात कुणी फेटा बांधला न्हाय तुमास्नी.” ती हे लबाडीने म्हणत नव्हती. त्यांना फेटा बांधलेला बघावा असं तिला मनापासून वाटत होतं.

दाजी म्हणाले, “जातो की. फोटो दे त्याला.”

बुधवारी मी गेलो. आमच्या पेठेतून मी आणि वकील, बाकी कुणी येणं शक्यच नव्हतं, पण चौकाच्या तोंडाशी आमची दहा-पंधरा पोरं गाड्या लावून उभी होती. मांडव होता, खुर्च्या होत्या, अक्का पहिल्या रांगेत इरकल नेसून बसली होती. मॅनेजरने भाषण केलं. इटलीपासून सुरुवात केली. म्हणाला, तिथं कोट्यवधींचे क्लब, पण रेफरीचा भरवसा न्हाय, आणि आमच्या कोल्हापुरात बघा, बायकोच्या माहेराविरुद्ध निकाल देणारा मानूस हाय. टाळ्या पडल्या. चाचांनी स्वतः दाजींना फेटा बांधला. मग श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोला म्हणून माइक हातात दिला.

दाजींना भाषणाची सवय नाही. त्यांनी माइक फार जवळ धरला. म्हणाले, “ती पेनल्टी होती. मला दिसली होती. तुम्ही ओरडाल म्हणून मी दिली नाही. तेव्हा हा सत्कार मला घेता येत नाही.” श्रीफळ टेबलावर ठेवलं. फेटा काढायला लागले, तो सुटेना, तेव्हा तसाच ठेवला.

मग मॅनेजर तांबडा झाला. म्हणाला, “दाजी, मी शब्द दिलाता तुमच्यासाठी, आन् तुमी आमचा कप नासवायला आलासा?” मागून पोरं उठली. आमचा कप चोरीचा म्हणतोस काय, असं कुणीतरी ओरडलं. चौकाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आमच्या पोरांनाही ऐकू गेलं होतं, तिकडून वेगळ्याच शिव्या सुरू झाल्या. म्हणजे बघून न्हाय दिलीस? कप परत घ्या, मॅच परत खेळवा. वकिलाने तिथेच उभ्या उभ्या तक्रारीचा मसुदा सुरू केला. चाचा तेवढे दाजींच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांच्या अंगावर येणाऱ्या पोरांना हाताने मागे सारत होते.

कमिटीने आठवड्याभरात निकाल दिला. रेफरीचा मैदानातला निर्णय अखेरचा, कप जिंकणाऱ्यांकडेच राहील. दाजींचं नाव पंचांच्या यादीतून कमी केलं. हंगामानंतर ते तसेही थांबणार होते, पण स्वतः थांबणं आणि काढून टाकणं यात फरक असतो. आमच्या पेठेत त्यांना फितूर म्हणतात, पलीकडच्या पेठेत कपाला डाग लावणारा म्हणतात. अक्काला आठ-दहा दिवस माहेरी यायची लाज वाटली. आई मात्र म्हणाली, माझ्या जावयाने चारचौघांत खरं सांगितलं, आता त्याला कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण मला त्या बुधवारचं शेवटचं सांगायचं आहे. मी आणि चाचांनी मिळून दाजींना गर्दीतून बाहेर काढलं. दाजींनी गाडीला किक मारली, अक्का मागे बसली, ती रडत होती. एका बाजूने निळे-काळे ओरडत होते, दुसऱ्या बाजूने काळे-पांढरे. दोन्हीकडून त्यांच्या आईबापाचा उद्धार चालला होता. दाजींनी मान वळवून दोन्हीकडे बघितलं आणि मला म्हणाले, “इतकी वर्षं प्रत्येक मॅचला अशाच दोन्हीकडनं शिव्या खाल्ल्या. रविवारी एकीकडनं टाळ्या पडल्या, तवापासनं झोप न्हवती.”

मग त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि आमच्या पोरांच्या मधूनच, हॉर्न वाजवत, घरी गेले.